माझ्याकडचा अर्धा शिक्का

ग्रोबर्ग, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस

लुन्दमारचे राजे आणि हार्देयचे सहराजे आस्मुंद यांस, जन्माने हार्देयची आणि विवाहाने लुन्दमारची राणी असलेल्या रिकिसाचं अभिवादन. आपला दूत ब्रांद सुखरूप पोहोचला. आपली कन्या हेलविग हिचा विवाह ड्यूकपुत्र यारोमीर याच्याशी ठरवण्याच्या करारासाठी आपण आमच्याकडचा अर्धा शिक्का मागितला आहे. हार्देयच्या कायद्याप्रमाणे तो दूताबरोबर पाठवता येत नाही. आपली प्रकृती उत्तम असावी ही प्रार्थना.

इथपर्यंत एस्किल कारकुनाने लिहिलं. इथून खालचं वेडंवाकडं अक्षर माझं. "राणीसाहेब, स्वतःच्या हाताने लिहू नका, शाई फार सांडता," असं तो म्हणाला. मी म्हटलं, तू आपला प्रार्थनेला जा.

तुझ्या पत्रात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'आपण' आहे. कारकुनाने लिहिलं की 'आपण' येणारच, तेवढं मला कळतं. पण पूर्वी त्याच्याखाली दोन ओळी तुझ्या हाताच्या असायच्या. कुत्रीला पिल्लं झाली, पाठ धरली आहे, या वर्षीची बिअर आंबट निघाली, असलं काहीतरी. या वेळी तिथे नुसतं कोरं चर्मपत्र होतं. मी ते उलटूनही पाहिलं.

आणि शिक्का काय मागतोस? तो कसा झाला ते विसरलास का? आपलं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही देशांच्या म्हाताऱ्यांनी भांडभांडून तो घडवून घेतला. तुझ्या अर्ध्यावर घोड्यावर बसलेला तू, माझ्या अर्ध्यावर आसनावर बसलेली मी. मध्ये गरम मेणाचा गोळा. मी खालून धरायचं, तू वरून दाबायचं, आणि दोघांनी एकाच वेळी. एकाच बाजूचा ठसा असला तर तो करार कोणीही मानायचा नाही. तुझ्या लोकांना धास्ती की मी लुन्दमार माहेरी बांधून नेईन, माझ्या लोकांना धास्ती की तू हार्देय गिळशील. त्यांच्या धास्तीपायी आपण दोघं टेबलाशी खांद्याला खांदा लावून उभे राहायचो. पहिल्या खेपेला तू एवढा जोर लावलास की मेण माझ्या बाहीवर आलं, आणि तू म्हणालास, "घ्या, राणीवरच शिक्का बसला." बिशप हसले नाहीत. तो झगा अजून माझ्या पेटीत आहे, मेणासकट.

हेलविग तेरा वर्षांची आहे. अजून कडाक्याच्या थंडीत पायमोजे घालायला विसरते. ड्यूकच्या घरी तिला कोण आठवण करणार? माझ्या नकाराला एवढं कारण पुरे आहे, दुसरं शोधत बसू नकोस.

करार हवाच असेल तर तू ये. मी हलू शकत नाही. आपल्या दोघांपैकी एकाने कायम ग्रोबर्गच्या छपराखाली असलं पाहिजे, नाहीतर हार्देयच्या शेतकऱ्यांची राजनिष्ठेची शपथ सुटते. वडील गेल्यापासून मी खाडी ओलांडलेली नाही. तू मात्र दर हिवाळ्यात यायचास. हा तिसरा हिवाळा.

ब्रांद चांगला जेवला. सुकी मासळी त्याने तीनदा मागून घेतली. तुमच्याकडे त्याला उपाशी ठेवतात का?

रिकिसा

ग्रोबर्ग, संत लुसियाचा दिवस

राजे आस्मुंद यांस राणी रिकिसाचं अभिवादन. आपलं उत्तर मिळालं. लुन्दमारच्या किनाऱ्याला समुद्री चोरांविरुद्ध ड्यूकच्या जहाजांची गरज आहे आणि ड्यूक पुढच्या कापणीपर्यंतच थांबणार आहे, हे आम्ही जाणतो. त्यावर एक उपाय सोबतच्या पेटीत आहे.

उपायाचं शेवटी सांगते. आधी भांडते.

तुझा कारकून लिहितो, 'हार्देयच्या सभेत राजांचा अपमान झाला असल्याने ते तिथे पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत.' बघू या काय अपमान झाला तो. रविवारची प्रार्थना चालू होती. तुला नदीपलीकडे शिकारीला जायचं होतं. केतील नावाडी म्हणाला, "देवाच्या दिवशी नाव चालत नाही. राजाची असली तरी नाही." बास. एवढ्यावरून तू त्याला भर सभेत देशाबाहेर घालवायची शिक्षा सुनावलीस, तीसुद्धा हिवाळ्याच्या तोंडावर. मी उठले आणि म्हणाले, हार्देयमध्ये नुसत्या बोलण्यावरून कोणाला घराबाहेर काढत नाहीत. लोकांनी ढाली बडवल्या. तू माझ्याकडे पाहिलंस आणि हळूच म्हणालास, "म्हणजे मी इथे पाहुणा आहे तर."

जेवायलाही थांबला नाहीस. तुझ्यासाठी मुद्दाम लोण्यात मासे तळायला सांगितले होते, ते गार झाले.

मी बरोबर होते. आजही तेच म्हणेन. शिक्षा सुनावण्याआधी तू मला एकटीला विचारलं असतंस, तर मीही तुला एकट्याला नाही म्हटलं असतं. चारचौघांत तू बोललास, म्हणून मला चारचौघांत बोलावं लागलं.

तुझं पिण्याचं शिंग इथे रोज संध्याकाळी भरलं जातं. घरात नसलेल्या राजाचं किंवा राणीचं शिंग भरून रिकाम्या जागेपुढे ठेवायचं आणि जेवण उरकलं की सगळ्यात खालच्या बाकावरच्या माणसाला द्यायचं, ही रीत तुमच्याकडेही आहेच. आमच्याकडे सध्या सगळ्यात खालच्या बाकावर कोण बसतं, ओळख बघू. केतील! तुझी बिअर तू गेल्यापासून तोच पितोय. पिण्याआधी उभा राहून म्हणतो, "राजेसाहेबांना सुखात ठेव रे देवा. आले तर मी स्वतः नेईन त्यांना नदीपार. रविवार सोडून." सगळे हसतात. मीही हसते, आणि मग शेजारच्या रिकाम्या आसनावरचं मेंढीचं कातडं उगाच नीट करत बसते.

आता उपाय. मी गरम मेणावर माझा अर्धा शिक्का दाबला आहे. तो गोळा शेवाळात गुंडाळून पेटीत घातलाय. तुझ्याकडे पोहोचला की मागच्या बाजूने ऊब दे आणि तुझा अर्धा दाब. म्हणजे शिक्का माझ्याकडेच राहील आणि तुझा करारही होईल. तू म्हणशील, हेलविग लहान आहे म्हणून नाही म्हणत होतीस, मग हे कसं चाललं? किनाऱ्यावर तिच्याहून लहान कोणी नाही का? तिथेही मुलं आहेतच. शिवाय करार झाला तरी मुलीला पाठवायला वेळ आहे.

एस्किलला हा उपाय पसंत नाही. तो म्हणतो, मेण प्रवासाला निघत नसतं.

रिकिसा

ग्रोबर्ग, मेणबत्त्यांच्या सणानंतरचा सोमवार

राजे आस्मुंद यांस राणी रिकिसाचं अभिवादन. परत आलेली पेटी मिळाली.

एस्किल एवढ्यावरच थांबला, कारण त्याला हसू आवरेना.

ब्रांदने पेटी सगळ्यांसमोर उघडली. तुझ्या बाजूला घोडा अगदी ऐटीत उभा आहे. माझ्या बाजूला माझं नाक सपाट झालंय, एक डोळा कानापाशी गेलाय, आणि तुझ्या कारकुनाने गोळा उलटा धरल्यामुळे तू सरळ आणि मी डोकं खाली, पाय वर. हेलविग म्हणाली, "आई, हे तर तू सकाळी उठल्यावर दिसतेस तसंच आहे." सगळी मंडळी पोट धरून हसली.

ड्यूकचा वकील तुझ्या दरबारात म्हणाला म्हणे, "ही राणी आहे की पालथा पडलेला बेडूक?" हे ब्रांद सांगत नव्हता, मी काढून घेतलं. मग विचारलं, "राजेसाहेब हसले?"

तो म्हणाला, "हसले. मग उठून गेले."

मला राग यायला हवा होता. मी त्याला विचारलं, कसे हसले? मोठ्याने की नाकातून? ब्रांद बिचारा गोंधळला. नाकातून, म्हणाला. म्हणजे खरं हसलास. तुला खरं हसू आलं की आवाज नाकातून येतो, हे तुझ्या दरबारात कोणाला ठाऊक आहे का, देव जाणे.

म्हातारा गुर्ड, ज्याला आमचा सगळा कायदा तोंडपाठ आहे, तो मेणाचा गोळा हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दोन्ही हात एकाच वेळी मेणावर हवेत, राणीसाहेब. एक आज आणि एक पुढच्या महिन्यात, असा ठसा मी आमच्या शेळीच्या कानालासुद्धा मारून घेणार नाही." म्हणजे तोही मार्ग खुंटला.

रात्रीचं जेवण चाललेलं असताना ब्रांदने तुमच्या किनाऱ्यावरच्या सान्दविकचं सांगितलं. समुद्री चोरांनी कोळ्यांची घरं जाळली, मासे वाळवायचे मांडव जाळले, चर्चही सोडलं नाही. बायकामुलं बर्फातून चालत तुझ्या किल्ल्यावर आली. ब्रांदच्या अंगरख्याला अजून धुराचा वास येतोय. ड्यूकची जहाजं असती तर सान्दविक वाचलं असतं, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. लिहायची गरज नव्हती.

मी इथल्या कोठारातून लोकर आणि सुकी मासळी पाठवते आहे. त्यासाठी कोणाच्या शिक्क्याची गरज नाही.

तू ये ना. बर्फ घट्ट आहे, बर्फगाडी खाडीवरून सरळ येते. आलास की टेबलाशी उभा राहा, शिक्का दाब आणि परत जा. जेवू नकोस, बसू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. गुर्ड म्हणतो, कायद्याला फक्त हात लागतात.

रिकिसा

ग्रोबर्ग, ईस्टरपूर्वीच्या उपवासांचा काळ

राजे आस्मुंद यांस राणी रिकिसाचं अभिवादन. शिक्क्याबाबत आमचं मत कायम आहे.

तुझ्या मुलीने आज माझ्याशी भांडण काढलं. तुला कळवणं माझं कर्तव्य आहे म्हणून कळवते, बाकी काही नाही.

मी शिक्का पुसत बसले होते. ती दारात उभी राहिली.

"आई, रोज पुसतेस तू तो?"

"चांदी आहे. काळी पडते."

"एका दिवसात?"

मी फडक्याची घडी बदलली. ती आत आली, माझ्यासमोर बसली. पायात मोजे नव्हते.

"मला कोणी विचारलंय का, मला जायचंय की नाही ते?"

"तू लहान आहेस अजून."

"हो का! मग परवा गुर्डबाबांच्या शेजारी बसवून कुरणांचे तंटे कशाला ऐकायला लावलेस? तिथे मोठी आणि इथे लहान?"

"मग तुला जायचंय?"

"मला आधी त्याला बघायचंय. आवडला नाही तर नाही म्हणायचंय. पण तू मला नाही म्हणायलासुद्धा देत नाहीस. माझ्या वाटचं नाहीसुद्धा तूच म्हणून टाकतेस."

मी म्हटलं, तिथे ड्यूकच्या घरी तुझं कोणी नसेल. ती म्हणाली, इथे तुझं तरी कोण आहे? मग खालच्या आवाजात म्हणाली, "हे माझ्यासाठी नाहीच आहे, आई. शिक्का दिलास तर बाबांना पत्र लिहायला कारण उरणार नाही. म्हणून आहे हे सगळं."

मी तिला म्हटलं, तोंड सांभाळ. ती गेली. मग मी जेवायच्या दालनात गेलेच नाही. तुझं शिंग आज कोणी भरलं की नाही, मला माहीत नाही.

ती म्हणते ते खोटं आहे, आस्मुंद. मुलगी आगाऊ झाली आहे, एवढंच तुला कळवायचं होतं. तुझ्या वळणावर गेली आहे. तुझ्यासारखीच भुवई उचलते. मी तिच्या काळजीपोटी नाही म्हणते आहे, कायद्यासाठी नाही म्हणते आहे, आणि सान्दविकची माणसं रोज माझ्या डोळ्यांसमोर असतात. तुला असं वाटू नये की मी त्यांचा विचार करत नाही.

पण एक सांग. समजा, मी शिक्का पाठवला. मग पुढच्या हिवाळ्यात ब्रांद इकडे कशाला येईल?

हे उत्तर देण्यासाठी लिहिलेलं नाही. पुसून टाकणार होते, पण चर्मपत्र खरवडलं की डाग राहतो आणि एस्किल कुरकुरतो.

रिकिसा

ग्रोबर्ग, बर्फ फुटल्यानंतरचा पहिला आठवडा

राजे आस्मुंद यांस राणी रिकिसाचं अभिवादन. पहिल्या नावेने आपलं पत्र आलं.

पत्र नव्हतंच ते. चर्मपत्राचा तुकडा, आणि त्यावर तुझ्या हाताने लिहिलेलं, 'मी येणार नाही, रिकिसा. शिक्का पाठव.'

तुला वाटेल, मी संतापले असेन. मी काय केलं, सांगू? तो तुकडा घेऊन खिडकीपाशी गेले आणि माझं नाव वाचलं. किती तरी दिवसांनी तू माझं नाव लिहिलंस. र अजून तसाच काढतोस, पोटाशी वाकलेला. मी मनात म्हटलं, हा आता वितळतोय. आणखी एक नकार दिला की येईल.

असं म्हणून मी ब्रांदला स्वतः जेवायला वाढलं. तो अवघडला. मी म्हटलं, खा रे, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिकडे माझं शिंग कोणाला मिळतं?"

ब्रांद पावाचा तुकडा चघळत राहिला.

"काय रे, मला नाव कळलं म्हणून मी काही त्याला शिक्षा करणार नाही."

"राणीसाहेब, ते आता भरत नाहीत."

"कधीपासून?"

"कापणीच्या सुमारापासून. राजेसाहेब म्हणाले, नेमाने भरायची काही गरज नाही."

"आणि माझं आसन?"

"आसन आहे तिथेच. त्याच्यावर करारांच्या गुंडाळ्या ठेवतात."

मी म्हटलं, बरं. त्याला आणखी लोणी वाढलं. तो म्हणाला, "राणीसाहेब, मी हे सांगायला नको होतं." मी म्हटलं, तू खोटं सांगितलं असतंस तर मी तुला जेवायला वाढलं नसतं.

कापणीच्या सुमाराला. म्हणजे तू शिक्का मागायला पहिलं पत्र पाठवलंस, त्याच्याही आधी. आणि मी सगळा हिवाळा इथे बसून तुझ्या कारकुनाच्या 'आपण'मध्ये तुला शोधत होते. नाकातून हसलास म्हणून खूश झाले. तू माझ्याशी बोलत नव्हतासच. तू शिक्क्याशी बोलत होतास, आणि मी त्याच्या मागे लपून ऐकत होते.

हेलविगने सांगितलं ते खरं आहे. कायदाही खराच, तिचं लहान असणंही खरं, पण माझ्या नकाराचं कारण ते नव्हतं. शिक्का माझ्याकडे असेपर्यंत तुला माझ्याकडे माणूस पाठवावा लागत होता. त्या माणसासाठी मी मुलीचं तोंड बंद केलं. सान्दविक जळल्यावरसुद्धा मी तुला लिहिलं ते काय, तर ये.

खूप एकटं वाटतं इथे. हे मी आधीच्या कुठल्याही पत्रात लिहिलं नाही, कारण तुझ्यापुढे नमतं घ्यायचं नव्हतं. राज्य चालवायला सोबत लागत नाही. गुर्ड आहे, एस्किल आहे, लोक ऐकतात. पण एखादा तंटा सोडवून झाला की तुझ्याकडे वळून 'बरोबर केलं ना?' असं विचारायची मला सवय होती. अजून मान वळते.

ब्रांदला थांबवून ठेवलं आहे. गुर्डला बोलावणं पाठवलंय.

रिकिसा

ग्रोबर्ग, संत योहानच्या सणाच्या आदल्या दिवशी

आस्मुंद,

एस्किलला आज वरचा भाग लिहू दिला नाही. तो रुसलाय.

गुर्डला मी विचारलं, शिक्का माझ्या हातून बाहेर जाण्याचा काही मार्ग कायद्यात आहे का. तो म्हणाला, "आहे की. राणीच्या रक्ताच्या माणसाने स्वतःच्या हाताने न्यायचा. मग ज्याच्या हातात शिक्का, त्यानेच तो दाबायचा."

"मग हे तू मार्टिनच्या सणाला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं होतं, दूताबरोबर पाठवता येतो का. मी म्हटलं, नाही. दुसरं काही तुम्ही विचारलंच नाहीत."

खरं आहे. मी विचारलं नाही.

मग तो म्हणाला, "पण राणीसाहेब, एकदा तो त्या हातात गेला की परत मागता येत नाही. पुढे हार्देयचा कुठलाही करार झाला तरी खालचा हात लेकीचा. तुम्ही आसनावर बसाल, लोक मानही देतील, पण तुमचा शब्द या दारापर्यंत." त्याचे डोळे ओले झाले होते. वडिलांच्या वेळेपासून तो मला ओळखतो. मी म्हटलं, गुर्ड, दारापर्यंत तर दारापर्यंत.

काल सभेत सगळ्यांसमोर मी शिक्का हेलविगच्या हातात दिला. तिने तो आधी कमरेच्या पिशवीत घातला. मग मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "मला वाटलं होतं, तू नाही देणार." मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं.

तेव्हा आता नीट ऐक. ती शिक्का घेऊन येते आहे, पण तुझ्यासाठी नाही. ती आधी त्या यारोमीरला बघेल, त्याच्याशी बोलेल. तिला पटलं तर ती शिक्का धरेल. नाही पटलं तर ठसा उठणार नाही, आणि मग किनाऱ्याचं काय करायचं ते तू तिच्याशी बसून ठरव. दरडावू नकोस, ऐकत नाही. जे विचारायचं ते तिला एकटीला विचार. लोकांसमोर विचारलंस तर लोकांसमोर उत्तर मिळेल, तुला अनुभव आहे.

शिक्का दाबायची वेळ आली तर बेताने दाब. तिचे हात लहान आहेत. मेण जरा निवू दे, तुला नेहमी घाई असते आणि भाजतं खालून धरणाऱ्याला. आणि तिला पायमोज्यांची आठवण कर.

उद्या रविवार. नदीपार जहाज उभं आहे. केतीलला काही विचारायची आमची कोणाची छाती नव्हती. संध्याकाळी त्याने तुझं शिंग उचललं, उभा राहिला आणि म्हणाला, "उद्या प्रार्थना झाली की मी पोरीला पलीकडे नेणार. राजेसाहेबांना निरोप द्या, केतीलने रविवारी नाव काढली. त्यांच्यासाठी नाही, पोरीसाठी." आणि सगळी बिअर एका दमात प्यायला. तुझं शिंग मी भरत राहणार आहे. तुमच्याकडे काय करायचं ते तुम्ही बघा, ही इथली रीत आहे.

तुझ्या नाकातून येणाऱ्या हसण्याबद्दल मी हेलविगला सांगितलंय. तिने ऐकलं तर मला कळवेल.

आता माझ्याकडे असं काहीच उरलं नाही, जे तुला लागेल. करार नाही, शिक्का नाही, लेक नाही. ब्रांदला इकडे यायचं काम नाही, आणि तुझ्या कारकुनाला मला 'आपण' लिहायचं कारण नाही. उद्या नाव गेली की मी वर येईन आणि शिक्का ठेवायची ती पेटी रिकामी करून लोकर ठेवायला देईन.

मी वाट बघणार नाही, असं लिहिणार होते. ते खरं नाही, म्हणून नाही लिहीत. पण आजपर्यंत नाव दिसली की मला वाटायचं, शिक्का मागायला आली. आता तसं वाटायचं नाही. आता कधी तुझं पत्र या दारात आलं, कुत्रीच्या पिल्लांबद्दल, पाठीबद्दल, आंबट बिअरबद्दल, कशाहीबद्दल, तरी ते मलाच आलेलं असेल.

रिकिसा